टोचल्यानंतरचे दोन तास

पुण्याजवळच्या माणहून औंधचं जिल्हा रुग्णालय फार लांब नाही. सकाळी लवकर निघालं तर दुचाकीवर सहज जाऊन येता येतं. संध्याकाळी मात्र आयटी पार्कमधल्या कंपन्या सुटल्या, की हिंजवडीच्या चौकांत गाड्या इंचाइंचाने सरकतात आणि त्याच रस्त्याला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. अशा एखाद्या संध्याकाळी या परिसरातल्या दवाखान्यात रक्त घेता घेता सिस्टरच्या बोटात वापरलेली सुई घुसली, असं समजा. पेशंटला काय आजार आहे, कुणाला माहीत नाही. एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत पोटात जायला हवा, असं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, सांगते. ७२ तास उलटल्यावर ते सुरू करण्यात अर्थ उरत नाही. एकीकडे हे दोन तास आणि दुसरीकडे हिंजवडीचा रस्ता, आणि मध्ये हातमोजा काढून बोटाकडे बघत उभी असलेली सिस्टर.

मुळशी तालुक्यातलं माण हे गाव गेल्या पंचवीस वर्षांत ओळखू येऊ नये इतकं बदललं. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा माणच्या जमिनींवर उभा राहिला. शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचं एक टोक इथेच आहे. उंच इमारतींच्या गृहसंकुलांना लागून बांधकाम मजुरांच्या वस्त्या आहेत आणि या दोन्हींच्या मध्ये जुनं गावठाण. सरकारी व्यवस्थेत या सगळ्यांसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय पौडला आहे. माणच्या या केंद्राभोवती आता खासगी रुग्णालयं, छोटी नर्सिंग होम्स, रक्ततपासणीची केंद्रं आणि सकाळी सहाला बेल वाजवून घरी रक्त घ्यायला येणारी विशीतली मुलं यांचं जाळं पसरलं आहे. यातल्या प्रत्येक ठिकाणी दिवसभर सुया उघडल्या जातात. उघडलेली प्रत्येक सुई कुणाच्या तरी हातात असते आणि वापरून झाल्यावर ती कुठेतरी टाकायची असते. टोचण्याचे कितीतरी प्रकार या दुसऱ्या कामात होतात.

पेशंट ऐनवेळी हात झटकतो. लसीकरणाच्या दिवशी आईच्या मांडीवरचं बाळ उसळतं आणि लस देणाऱ्या परिचारिकेच्या, एएनएम ताईंच्या, अंगठ्यात सुई जाते. टाके घेताना डॉक्टरांच्या हातातली सुई समोरच्या मदतनिसाच्या बोटात जाते. सुईवर दोन हातांनी टोपण बसवू नये हे शिक्षणाच्या पहिल्या वर्षीच सांगितलेलं असतं. पण हाताशी डबा नसतो, ट्रे ठेवायला जागा नसते, समोर रांग असते आणि हात सवयीने टोपणाकडे जातो. डबा गळ्यापर्यंत भरलेला असतो, त्यात आणखी एक सुई कोंबताना आतली उलटी सुई लागते. आणि कुणीतरी घाईत कापसाच्या बोळ्यांमध्ये टाकलेली सुई तासाभराने तो कचरा उचलणाऱ्या मावशींच्या तळहातात शिरते. तेव्हा ती कुणाला वापरलेली होती, हे सांगायला कुणी उरलेलं नसतं.

टोचल्याबरोबर माणूस काय करतो? बहुतेक जण बोट तोंडात घालतात, नाहीतर दाबून रक्त काढतात. शेजारचं कुणीतरी स्पिरिटचा बोळा पुढे करतं. नॅकोच्या सूचनांमध्ये या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. बोट चोखायचं नाही, पिळायचं नाही, त्यावर स्पिरिट, बीटाडीन, ब्लीच असलं काही लावायचं नाही. त्याने कातडीची आग होते आणि जखम आणखी उघडी पडते. साबण आणि वाहतं पाणी, एवढंच. डोळ्यात रक्त उडालं असेल तर डोळा उघडा ठेवून स्वच्छ पाण्याने धुवायचा. मग ज्या डॉक्टरांची ड्युटी असेल त्यांना लगेच सांगायचं. पहिल्या दहा मिनिटांत करण्यासारखं खरं तर एवढंच आहे, आणि त्यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड जातं.

कारण त्या क्षणी जिभेवर एकच वाक्य येतं: ‘काही नाही गं, थोडंसंच लागलंय.’ कुठल्याही वॉर्डात, कुठल्याही लॅबमध्ये हे वाक्य ऐकू येतं. त्यामागे निष्काळजीपणा असतो असं मला वाटत नाही. त्यामागे बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात. सांगितलं तर ‘लक्ष कुठे होतं?’ असं विचारलं जाईल. वॉर्ड तसाच टाकून दुसरीकडे जावं लागेल आणि शेजारच्या सिस्टरवर दुप्पट काम पडेल. तपासणी होईल आणि तिच्यात नको ते निघालं तर? घरी काय सांगायचं? कंत्राटावर असेल तर पुढच्या महिन्यात बोलावतील का? या सगळ्यापेक्षा ‘थोडंसंच लागलंय’ म्हणणं सोपं. पुढचे तीन महिने रात्री जाग आली, की हेच वाक्य छातीवर बसतं.

म्हणून भीतीचं खरं माप आधी समजून घेतलं पाहिजे. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता साधारण हजारात तीन आहे. म्हणजे काहीही औषध न घेताही हजारातल्या नऊशे सत्त्याण्णव वेळा लागण होत नाही. सुई पोकळ असेल, थेट शिरेतून निघालेली असेल, तिच्यावर रक्त दिसत असेल, जखम खोल असेल, तर ही शक्यता वाढते. पेशंट नियमित औषधं घेत असेल आणि त्याच्या रक्तातले विषाणू दबलेले असतील, तर ती खूपच खाली येते. टोचल्यावर औषध घेतलं तर काय फरक पडतो, हे १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका अभ्यासातून कळलं. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन आणि इटलीतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती त्यात एकत्र केली होती. त्या काळचं एकटं झिडोव्ह्युडीन घेतलेल्यांमध्येही लागणीचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसला.

हेपटायटिस सी चा धोका शंभरात दोनाहून कमी. त्याला लस नाही आणि टोचल्यावर घ्यायचं औषधही नाही. पण लागण झालीच तर आता बहुतेकांमध्ये तो १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या गोळ्या मोफत मिळतात. राहिला हेपटायटिस बी. लस न घेतलेल्या माणसाला याची लागण होण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते. एचआयव्हीच्या नावाने सगळ्यांची झोप उडते, पण आकडे बघितले तर जास्त भ्यायला हवं ते याला. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवसांपर्यंत तग धरतो. आणि यालाच रोखणारी उत्तम लस आपल्याकडे आहे, ती पुण्यातच हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची एक तपासणी करून लस ‘लागली’ आहे का, हे बघायचं. ती लागली असेल तर सुई टोचल्यावर या आजाराची चिंता करण्याचं कारण उरत नाही. लस न घेतलेल्याला टोचलं तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं, तेही होईल तितकं चोवीस तासांच्या आत. आणि ते महाग असतं. तीन डोस वेळेवर घेणं किती स्वस्त पडतं, हे त्या दिवशी कळतं.

टोचल्यानंतर माणसं प्रत्यक्षात काय करतात, याचा भक्कम पुरावा पुण्यातच आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयात जानेवारी २००३ ते डिसेंबर २००५ अशी तीन वर्षं सुई टोचण्याच्या आणि रक्त अंगावर, डोळ्यात उडण्याच्या घटना जशा कळवल्या गेल्या तशा नोंदवल्या गेल्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर केलेला हा अभ्यास २००८ मध्ये ‘बीएमसी इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात आला. तो काळ आठवला पाहिजे. महाराष्ट्र देशातल्या सर्वाधिक एचआयव्ही असलेल्या राज्यांपैकी एक होता. सरकारी रुग्णालयांतून मोफत एचआयव्हीची औषधं देण्याची सुरुवातच १ एप्रिल २००४ला झाली, तीही देशभरातल्या मोजक्या आठ रुग्णालयांत. वॉर्डात निदान न झालेले कितीतरी पेशंट असायचे.

१,९५५ कर्मचारी. त्यातल्या ४८४ जणांनी ५५७ घटना कळवल्या. सगळ्यांचा मिळून दर वर्षाला शंभरामागे साडेनऊ घटना. पण इंटर्न डॉक्टरांचा आकडा वेगळा काढला, की थबकायला होतं: वर्षाला शंभरामागे ४७. एमबीबीएसची शेवटची परीक्षा नुकतीच दिलेली, बावीस-तेवीस वर्षांची ही मुलंमुली. पहाटे तीन वाजता रक्ताचे नमुने यांनीच घ्यायचे, सलाइन यांनीच लावायचं, कॅज्युअल्टीत टाके यांनीच घालायचे. ज्याच्या हाताला सराव सगळ्यांत कमी, त्याच्याच हातात सुई सगळ्यांत जास्त वेळ. आपली शिकवणारी रुग्णालयं पिढ्यान्‌पिढ्या अशी चालत आली आहेत, आणि त्याचा खर्च कोण भरतं हे या एका आकड्यात दिसतं.

कळवलेल्या घटनांपैकी जेमतेम ५५ टक्क्यांमध्ये हातमोजे, गॉगल असं काही संरक्षण वापरलेलं होतं. ३३९ घटना जास्त धोक्याच्या ठरल्या, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या एखादी प्रक्रिया करताना किंवा वापरलेली साधनं टाकताना झालेल्या होत्या. त्यांतल्या ८० टक्के जणांना तातडीचा पहिला डोस मिळाला. इथवर रुग्णालयाने आपलं काम चांगलं केलं. पुढे काय झालं ते बघा. पेशंटची तपासणी निगेटिव्ह आल्यामुळे ज्यांना औषधाची गरज उरली नाही, त्यांना वगळल्यावर उरलेल्यांपैकी साधारण निम्म्याच जणांनी पूर्ण महिन्याचं औषध सुरू केलं. आणि सुरू करणाऱ्यांपैकी निम्म्यांनीच ते पूर्ण केलं.

पहिला दिवस रुग्णालयाचा असतो, पुढचे सत्तावीस त्या माणसाचे एकट्याचे असतात. या दिवसांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. त्या काळातल्या गोळ्या अंगाला झेपायच्या नाहीत. झिडोव्ह्युडीनने मळमळ, थकवा, कधी रक्त कमी होणं. दिवसातून दोनदा गोळी, तीही कामावर, सगळ्यांच्या नजरेसमोर. गोळीची पुडी कपाटात कुठे ठेवायची? सासूबाईंनी विचारलं, की कसल्या गोळ्या म्हणून सांगायचं? नवऱ्याला सांगायचं की नाही? कारण या काळात निरोध वापरायला सांगतात, रक्तदान करू नका म्हणतात, बाळ अंगावर पीत असेल तर वेगळा सल्ला घ्यावा लागतो. काहीही न झालेल्या बाईला घरात एखाद्या आजाऱ्यासारखं वागावं लागतं, आणि का ते सांगता येत नाही. तपासण्या लगेच एक, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री पुन्हा तेच.

आज औषध पुष्कळ सोपं झालं आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राव्हिर या तिन्हींची मिळून एकच गोळी, दिवसातून एकदा, २८ दिवस. त्रास पूर्वीच्या मानाने खूपच कमी. पण एकटेपणावर गोळी निघालेली नाही. माझ्या मते टोचलेल्या माणसाला औषधाइतकीच गरज असते ती आठवड्यातून एकदा फोन करून ‘गोळ्या चालू आहेत ना? झोप लागते का?’ असं विचारणाऱ्या कुणाची तरी. एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक हे काम करू शकतात. पेशंटसाठी ते रोज करतातच. स्वतःच्या सहकाऱ्यासाठीही ते करायचं हे कुणीतरी ठरवून दिलं पाहिजे. १०९७ ही मोफत हेल्पलाइनही आहे, आणि ती आरोग्य कर्मचाऱ्यांनाही तितकीच खुली आहे.

ससूनच्या अभ्यासात दोन गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. तीन वर्षांत एकालाही एचआयव्ही किंवा हेपटायटिस बी झाल्याचं आढळलं नाही. आणि जास्त धोक्याच्या घटनांनंतर औषध घेणाऱ्यांचं प्रमाण २००३ मध्ये ४४ टक्के होतं, ते २००५ मध्ये १०० टक्क्यांवर गेलं. जास्त धोक्याच्या घटनांचं प्रमाणही घटत गेलं. त्या तीन वर्षांत रुग्णालयभर एक व्यवस्था उभी राहिली होती: टोचलं तर कळवायचं, कळवलं की औषध मिळतं, औषध मिळालं की नोंद होते. एवढ्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयात, त्या काळात हे जमलं. म्हणून ‘आपल्याकडे कुठलं हे होणार’ हे वाक्य मला मान्य नाही.

आता वॉर्डातल्या मावशींकडे आणि मामांकडे, म्हणजे अटेंडंटांकडे, वळतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये आपल्या सहा वर्षांच्या ३८० नोंदींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात टोचलेल्यांपैकी ४५ टक्के परिचारिका होत्या आणि ३३ टक्के अटेंडंट. डॉक्टर ११ टक्के. म्हणजे दर तीन जखमींपैकी एक जण इंजेक्शन न देणारा होता. दुसऱ्याने वापरलेली सुई त्याला टोचली. त्याने कितीही काळजी घेतली तरी त्याची सुरक्षितता आधीच्या माणसाच्या हातात असते, ही या कामातली सगळ्यांत अन्यायाची गोष्ट.

कायदा मात्र या माणसाला विसरलेला नाही. २०१७चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने तिथे काम करणाऱ्या, संसर्गाचा धोका असलेल्या सर्व व्यक्तींना संरक्षणाची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि टोचल्यावर घ्यायचं औषध द्यायचं आहे. आणि हे सगळं उपलब्ध आहे याची माहितीही त्यांना द्यायची आहे. ‘काम करणाऱ्या सर्व व्यक्ती’ असे शब्द आहेत. कायम, कंत्राटी, रोजंदारी असा भेद त्यात नाही. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांमध्येही कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आरोग्य तपासणी आणि नंतर वर्षातून निदान एकदा तपासणी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात, सुई कापून वेगळी केलेली प्लॅस्टिकची सिरिंज लाल पिशवीत, काच निळ्यात. एखाद्या छोट्या दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांच्या टेबलाखाली नजर टाका. पांढरा डबा दिसतो का, तो तीन-चतुर्थांशाच्या आत आहे की ओसंडतो आहे, एवढ्यावरून तिथल्या मावशी किती सुरक्षित आहेत हे कळतं.

याच नियमांमध्ये एक खटकणारी गोष्ट आहे. ‘मोठा अपघात’ कशाला म्हणायचं याची व्याख्या करताना सुई टोचण्याच्या घटना त्यातून नाव घेऊन वगळल्या आहेत. कचऱ्याचा ट्रक उलटला तर चोवीस तासांत अहवाल पाठवायचा. सुई टोचली तर ती वर्षाच्या अहवालात, ३० जूनपर्यंत. गावाच्या दृष्टीने ट्रक उलटणं मोठं, हे मान्य. पण त्यामुळे टोचण्याची नोंद वर्षाअखेरच्या एका रकान्यात जाते आणि बऱ्याचदा तिथे शून्य भरलं जाण्याची भीती असते. एखाद्या रुग्णालयाने वर्षभरात शून्य घटना कळवल्या, तर मला आनंद होत नाही. तिथे कुणी सांगतच नाही, अशी शंका येते.

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे, तो टोचलेल्या माणसाला स्वतःला. कर्मचाऱ्यांना नुकसानभरपाई देणारा कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायातून होणाऱ्या रोगांची यादी दिली आहे, आणि तिच्या पहिल्याच भागात आरोग्यसेवेत व प्रयोगशाळेत काम करताना होणारे संसर्ग आहेत. पण भरपाई मागायची तर टोचलं त्या दिवशी आपण निरोगी होतो, हे दाखवावं लागतं. त्यासाठी त्याच दिवसांतला निगेटिव्ह रिपोर्ट हवा आणि रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, सुईचा प्रकार, साक्षीदार यांची ओळ हवी. ‘थोडंसंच लागलंय’ म्हणून जिने बोट धुतलं आणि कामाला लागली, तिच्या हातात सहा महिन्यांनी दाखवायला काहीच नसतं.

अमेरिकेत हे चित्र कायद्याने बदललं, त्यामागे एका सिस्टरची कहाणी आहे. कॅरन डेली बॉस्टनमध्ये इमर्जन्सी विभागात काम करत. १९९८ मध्ये रक्त घेतल्यावर त्यांनी सुई डब्यात टाकली, तेव्हा डब्यात आधीपासून असलेली दुसरीच एक सुई त्यांच्या बोटात गेली. काही महिन्यांनी त्यांना एचआयव्ही आणि हेपटायटिस सी दोन्ही झाल्याचं कळलं. त्यांनी ते लपवलं नाही. त्या सभांमधून, सुनावण्यांमधून बोलत राहिल्या, आणि नोव्हेंबर २००० मध्ये सुई सुरक्षेच्या कायद्यावर सही झाली. वापरल्यावर सुई आपोआप झाकली जाईल किंवा आत ओढली जाईल अशी साधनं रुग्णालयांनी घ्यावीत आणि ती निवडताना प्रत्यक्ष वापरणाऱ्या परिचारिकांना विचारावं, असं त्या कायद्याने सांगितलं. पुढच्याच वर्षी तिथल्या रुग्णालयांतल्या सुई टोचण्याच्या घटना एक तृतीयांशाहून जास्त घटल्या. माणसं एका वर्षात बदलली नव्हती, हातातली सुई बदलली होती. सावधगिरीच्या व्याख्यानांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आपल्याकडे लसीकरणात वापरली जाणारी एडी सिरिंज बऱ्याच जणांना माहीत असते. एकदा दट्ट्या दाबला की ती अडकते, पुन्हा वापरता येत नाही. २००५ पासून बालकांच्या लसीकरणात ती आली आणि एकाची सुई दुसऱ्याला टोचण्याचा धोका तिने थांबवला. फार मोठं काम केलं. पण ती वाचवते पेशंटला. दट्ट्या अडकला तरी सुई उघडीच राहते, आणि सुई कापणाऱ्या हब कटरपर्यंतचं अंतर ताईंनाच पार करायचं असतं. करोनाच्या काळात १७ जुलै २०२२ पर्यंत देशात दोनशे कोटी डोस दिले गेले, त्याचा आपण योग्यच अभिमान बाळगला. त्या दोनशे कोटी उघड्या सुया कुणीतरी एकेक करून कापल्या आणि डब्यात टाकल्या, त्यात गावोगावच्या एएनएम ताई होत्या. सुरक्षित सुई महाग पडते हे खरं. सरकारी खरेदीत सगळ्यांत कमी दराची निविदा पुढे जाते हेही खरं. पण त्या दरात एका माणसाच्या सहा महिन्यांच्या झोपेची किंमत धरलेली नसते.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र सुईच न उचलण्याचा आहे. ‘डॉक्टर, गोळ्या नकोत, एक सुई मारा,’ ही मागणी आपल्या गावागावांत अजून ऐकू येते, आणि ती पुरवणारे डॉक्टरही आहेत. अंगदुखीला, थकव्याला, साध्या तापाला दिलेलं इंजेक्शन बहुतेक वेळा अनावश्यक असतं. पेशंटला त्याचा फायदा नसतो हे आपण वाचलेलं असतं. पण त्या प्रत्येक सुईमागे एका सिस्टरचं बोट आणि एका मावशीचा तळहात उगाचच धोक्यात येतो, हा हिशेब कुणी मांडत नाही.

पेशंटच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. कुणाला टोचलं की पहिला प्रश्न येतो, ‘पेशंट पॉझिटिव्ह आहे का?’ त्याची तपासणी करायला हवीच. पण ती त्याला समजावून, त्याच्या संमतीने. २०१७च्या कायद्याने तसं सांगितलं आहे आणि ते बरोबर आहे. नकार मिळाला किंवा पेशंट निघून गेला, तर औषधाचा निर्णय त्याच्याविना घेता येतो. त्यासाठी मार्गदर्शिका आहेत. जिथे कर्मचाऱ्याला खात्री असते, की मला टोचलं तर तासाभरात गोळी मिळेल आणि कुणी ओरडणार नाही, तिथे एचआयव्ही असलेल्या पेशंटला हाकलून देण्याचं कारण संपतं. ज्या पेशंटांची ऑपरेशनं नाकारली गेली, ज्या बायकांना प्रसूतीसाठी एका दारातून दुसऱ्या दारात पाठवलं गेलं, त्यांच्या वाट्याला आलेल्या क्रौर्याच्या मुळाशी अशी निराधार सोडलेली भीती पुष्कळदा असते. भोसरीत १९९२ पासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. या विषयातलं ज्ञान पुण्याला दुरून आणावं लागत नाही. ते भोसरीहून माणच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचायला हवं.

तर पुन्हा त्या संध्याकाळच्या कोंडीकडे. पूर्ण महिन्याचं औषध औंधला किंवा पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात मिळू शकतं, सगळ्या तपासण्याही तिथे होऊ शकतात. हे दुसऱ्या दिवशी झालं तरी चालतं. दोन तासांत हवा तो फक्त पहिला डोस. म्हणजे एक गोळी. ती आरोग्य केंद्राच्या प्रसूतिगृहातल्या कपाटात, मुदतीची तारीख तपासून ठेवलेली असेल, शेजारी एक पानी सूचना आणि दोन फोन नंबर चिकटवलेले असतील, आणि कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे असेल, तर हिंजवडीच्या रस्त्याला घाबरायचं कारण नाही. खासगी रुग्णालयं आणि लॅब यांनीही अशी एकेक बाटली ठेवावी, किंवा गावातल्या एका ठिकाणी ती चोवीस तास मिळेल असं आपसांत ठरवावं. घरोघरी रक्त घेणाऱ्या मुलाच्या बॅगेत पांढरा छोटा डबा असतो. त्याच्या मोबाइलमध्ये हा पत्ताही असायला हवा.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती अशा माणसाची, जो कुठल्याच रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये नाही. माणच्या गृहसंकुलांमध्ये मधुमेहाचे पेशंट आहेत, घरच्या घरी इन्सुलिन घेतात, आणि त्या सुया, शुगर तपासायच्या लॅन्सेट, सगळं ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जातं. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या आणि त्या वेगळ्या द्यायला सांगितल्या. प्रत्यक्षात त्या घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताला लागतात. तो उघड्या हाताने पिशवी फोडून प्लॅस्टिक वेगळं काढत असतो. जुन्या, वाळलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता फारच कमी. हेपटायटिस बी ची तितकी कमी नाही, आणि या माणसाला लस कुणी दिलेली नसते. घरासाठी उपाय साधा आहे: जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली, फिनेलची किंवा डिटर्जंटची, घट्ट झाकणाची. सुया तिच्यात टाकत जायच्या, तीन-चतुर्थांश भरली की झाकण टेपने बंद करायचं, वर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ लिहायचं आणि कचऱ्याच्या पिशवीत न टाकता हातात द्यायची. जमेल तिथे रुग्णालयाला किंवा लॅबला ती घ्यायला लावायची. सोसायटीच्या सूचना फलकावर एवढं लावलं आणि ग्रामपंचायतीने कचरा गाडीवरच्या सगळ्यांना आरोग्य केंद्रात नेऊन हेपटायटिस बी चा पहिला डोस दिला, तर दुसऱ्या डोसची तारीख महिन्यावर येते आणि तिसऱ्याची सहा महिन्यांवर. कंत्राटदार तोवर बदलला असला तरी ती तारीख ग्रामपंचायतीच्या वहीत राहिली पाहिजे, आणि त्या माणसाला बोलावणं धाडायचं काम कुणाचं हे नावानिशी लिहिलेलं असलं पाहिजे.